साक्रीचा वारा आणि मोटरसायकलची काच

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल-छडवेलच्या माळावर पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. तिथला वारा मोजून, त्याचा हिशेब करूनच त्या बसवल्या. आम्हा मोटरसायकलवाल्यांना तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. मी बियाण्याच्या कंपनीत फिल्डचं काम करतो. घर धुळ्यात, आणि प्लॉट पाहायचे ते नेर, साक्री, निजामपूर, छडवेल आणि पुढे नंदुरबारपर्यंत. मृग लागला की कापूस-मक्याची गडबड सुरू होते आणि नेमका त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा जोर धरतो. सकाळी धुळ्याहून निघालं की तोंड पश्चिमेला, म्हणजे साक्रीपर्यंत सगळा वारा अंगावर.

गाडी रॉयल एनफिल्डची मेटिअर ३५०, फायरबॉल प्रकारातली. ह्याच गाडीचा सुपरनोव्हा प्रकार आला तो पुढे वारा अडवणारी काच, म्हणजे विंडशील्ड, घेऊनच आला. फायरबॉलचा पुढचा भाग मोकळा. गाडी बसायला झकास. पाय पुढे, पाठ ताठ, दिवसभर चालवली तरी कंबर कुरकुरत नाही. पण अशा बैठकीत अंगाचं शीड होतं. गाडीचा काटा ६० दाखवतो आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असतो, म्हणजे छातीला लागतो तो ९०चा. त्यातही दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० चे ९० झाले की वेग दीडपट, दाब मात्र सव्वादोनपट. हे गणित वहीत मांडायची गरज नाही, मान आणि खांदे संध्याकाळी बरोबर सांगतात. हाताची पकड आपोआप घट्ट होते, कारण शरीर मागे ढकललं जातं आणि आपण हँडलला धरून स्वतःला ओढून ठेवतो. खरा थकवा त्या ओढण्याचा.

कानाचंही तसंच. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. असा आवाज रोज तासन्‌तास कानावर पडला तर ऐकू कमी येऊ लागतं. घरी आल्यावर रात्री कानात घूं घूं चालू असायचं, तेव्हा काच बसवायचं नक्की केलं.

बाजारात पाहायला गेलो तर तीन जातींच्या काचा. एक छोटी, हेडलाइटच्या वर तळहाताएवढी. ती दिसायला छान, वारा फार तर मीटरवरून उचलते. दुसरी मध्यम, पोटाचा आणि छातीचा वारा घेणारी. तिसरी उंच, पार डोळ्यांच्या वरपर्यंत जाणारी. दुकानात उभं राहून पाहिलं की कोणालाही तिसरीच घ्यावीशी वाटते. एवढी मोठी काच पुढे असली की वारा लागेलच कसा, असा साधा हिशेब.

आमच्या कंपनीतल्या नंदुरबारच्या सहकाऱ्याकडे हीच गाडी आणि त्यावर हीच उंच काच. घेण्याआधी त्याची गाडी मागून घेतली आणि धुळ्याच्या खाली लळिंगच्या घाटापर्यंत जाऊन आलो. ५० पर्यंत स्वर्गसुख. छातीवर वारा नाही, शर्टाची कॉलरसुद्धा हलत नाही. ७० च्या पुढे गेलो आणि हेल्मेट थरथरायला लागलं. एका बाजूने सतत ढकलणारा वारा असता तर मानेने त्याला तोंड दिलं असतं. इथे डावीकडून थप्पड, उजवीकडून थप्पड, वरून दाब, सगळं एका सेकंदात. रस्त्याकडेच्या पाट्या नजरेत हलायला लागल्या. आणि आवाज काच नसतानापेक्षा जास्त. ट्रकच्या मागे आलो की हे सगळं दुप्पट. एवढा पैसा टाकून सहकारी रोज हे सोसतो, हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "दादा, मला वाटलं हेल्मेटच खराब आहे."

परत येताना गाडी घेऊन आमच्या मिस्तरींकडे थांबलो. वयाने मोठे आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. पन्नास वर्षांखालच्या माणसाशी ते अहिराणीतच बोलतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काच उची करी म्हनीसन वारा मरस नही. तो वर चढस आनि डोकाले धरस."

"मग आबा, किती उंच लावू?"

"तुना नाकले इचार."

ह्या दोन वाक्यांत सगळं आलं. काचेवर आपटलेला वारा वरच्या कडेवरून निघून जातो आणि काचेच्या मागे हवेचा दाब कमी होतो. ती पोकळी भरायला कडेवरची हवा आत वळते, गिरक्या घेते. त्या गिरक्या जिथे असतील तिथे आपलं डोकं असलं की झालं. काच जितकी रुंद आणि उंच, तितकी मागची पोकळी मोठी. उंच माणसाला ठीक बसणारी काच बुटक्याला त्रास देते आणि उलटही होतं. उंची सारखी असली तरी कोणाचं धड लांब तर कोणाचे पाय लांब, कोणी सीटवर मागे सरकून बसतो, कोणाच्या हेल्मेटला पुढे टोपीसारखी झडप असते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवरची काच पाहून तीच मागवणं मला पटत नाही. काचेकडून वारा थांबवायची अपेक्षाच ठेवू नये. वारा कुठून वर काढायचा, एवढंच काच ठरवते. हेल्मेटला थोडा वारा लागला तरी चालेल, पण तो सरळ, स्वच्छ, एकसारखा लागला पाहिजे. त्या वाऱ्याला मान सहज तोंड देते.

नाकाला विचारायचं कसं, तेही आबांनीच दाखवलं. गाडी मधल्या स्टँडवर न लावता दोन चाकांवर सरळ धरायची, कारण स्टँडवर मागचं चाक उचललं की बैठकीचा कोन बदलतो. अंगात जाकीट, डोक्यात हेल्मेट, आणि नेहमी बसतो तसं बसायचं. ताठ बसून मोजलं तर माप खोटं येतं. तासाभराच्या रायडिंगनंतर पाठ थोडी खाली बसतेच. समोर बारक्याने, म्हणजे आबांच्या नातवाने, फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा धरला आणि मी दूर रस्त्याकडे पाहत राहिलो. तो पुठ्ठा वर सरकवत गेला. पुठ्ठ्याची कड रस्ता झाकायला लागली तिथे पेन्सिलने एक रेघ. मग त्या रेघेच्या खाली चार बोटं दुसरी रेघ. ती माझ्या नाकाच्या शेंड्यापेक्षा जरा खाली, हनुवटीच्या आसपास आली. काचेची वरची कड इथे हवी.

कडेच्या वरून पाहता आलं पाहिजे, हा नियम मी कधीच सोडणार नाही. मोटरसायकलच्या काचेला वायपर नसतो. पावसात तिच्यावर थेंब साचतात, रात्री समोरच्या गाडीचा दिवा प्रत्येक थेंबात फुटतो, आणि काचेतून बघत असाल तर पुढचा खड्डा दिसत नाही. त्यात आपल्याकडे संध्याकाळी शेतातून उडणारे किडे आणि उसाच्या-कापसाच्या गाड्यांची धूळ. कडेवरून बघणाऱ्याला ह्यातलं काही आडवं येत नाही. ह्याच कारणाने काच पारदर्शक घेतली. काळपट काच ऐटीत दिसते, पण खड्डा चुकवायला अंग पुढे वाकवलं की नजर काचेतून जाते, आणि रात्री तेव्हाच अंधार नको असतो.

आता माल कोणता. दोनच पर्याय समोर येतात: ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिक जास्त स्वच्छ दिसतं, ओरखडे कमी पडतात, उन्हाने लवकर पिवळं पडत नाही. पण दगड लागला की तडकतं, आणि तुकडे टोकदार. पॉलिकार्बोनेट चिवट. हेल्मेटची पुढची काच आणि पोलिसांच्या ढाली ह्याच्याच असतात. त्याला ओरखडा मात्र पटकन पडतो आणि उन्हाचा थर नसेल तर पिवळं होतं. आपल्या रस्त्यावर डंपरच्या चाकाखालून खडी उडते, तेव्हा माझ्यासाठी प्रश्नच नव्हता. चार मिलीमीटर जाडीचं, वर ओरखड्यांचा आणि उन्हाचा थर दिलेलं पॉलिकार्बोनेट. तीन मिलीमीटरची स्वस्तात मिळत होती. तिला दोन्ही हातांनी धरून दाबलं तर ती लवते, आणि ९० च्या वाऱ्यात लवणारी काच फडफडते. चार मिलीमीटरची, उभ्या खाचांची, म्हणजे वर-खाली सरकवता येणारी, हँडलला क्लॅम्पने बसणारी अशी काच ऑनलाइन मागवली. क्लॅम्पसह तीन हजारांच्या आत पडली.

काच हँडलला धरायची की फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना, ह्यावर आबांशी वाद झाला. त्यांना फोर्क पसंत. फोर्कला धरलेली काच बळकट असते आणि हँडलवर गर्दी होत नाही. मी हँडलवाली घेतली, कारण कोन बदलता येतो आणि सर्व्हिसिंगला द्यायच्या आधी चार बोल्ट सैल केले की सगळा सांगाडा हातात येतो. आडव्या वाऱ्याचा प्रश्न दोन्हींत आहे. हँडलला लावा किंवा फोर्कला, काच स्टिअरिंगबरोबरच फिरते, त्यामुळे बाजूने आलेला झोत थेट स्टिअरिंगला ओढ देतो. गाडीच्या फ्रेमला बसलेल्या काचेलाच हा त्रास कमी, पण तशी सोय ह्या गाडीला करायची तर बरंच लोखंड लागेल.

पार्सल आलं आणि उघडल्या उघडल्या एक गोष्ट खटकली. काचेला चार भोकं आणि बोल्ट, दोन्ही जवळपास सारख्याच मापाचे. मधे पातळ लोखंडी वॉशर. रबर नावाला नाही. आबांनी बोल्ट भोकात घालून पाहिला, काच हलवून पाहिली आणि मान हलवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ही काच जानेवारीत बसवली तर मे महिन्यात तडकेल.

हे अनुभवाचं बोलणं, आणि त्यामागचा हिशेब पक्का आहे. पॉलिकार्बोनेट तापलं की लोखंडाच्या पाच-सहापट पसरतं. धुळ्यात हिवाळ्यात पहाटे पारा सहा-सात अंशांवर येतो. उन्हाळ्यात दुपारी हवाच ४३-४४ अंश असते, उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून कितीतरी तापते. म्हणजे वर्षभरात ५० अंशांचा फरक धरला तर वीस सेंटिमीटर अंतरावरच्या दोन भोकांमध्ये काच अर्ध्या मिलीमीटरहून जास्त पसरते, आणि तिला धरणारी लोखंडी पट्टी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यानेच. भोक बोल्टाला चिकटून असेल तर काचेने जायचं कुठे? मग भोकाच्या कडेला केसासारखी रेघ उमटते. रोजच्या थरथरीने ती वाढत जाते आणि एक दिवस काच हातात येते.

मग रविवारी सकाळी, ऊन वर यायच्या आत, निंबाच्या सावलीत बसवायला घेतली. भोकं मोठी करण्याचं काम आबांनी स्वतः केलं, मला फक्त काच धरायला लावली. काचेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मागे लाकडाचा ठोकळा, ड्रिल एकदम कमी वेगावर. पॉलिकार्बोनेटला जोरात ड्रिल लावलं की ते वितळतं आणि भुसा पात्याला चिकटतो. ते थोडं फिरवत, थांबत, बोट लावून गरम झालंय का पाहत, परत फिरवत. पाच मिलीमीटरचा बोल्ट, भोक आठचं. शेवटी गोल कानशीने कड साफ केली, आणि पॉलिश पेपर ओला करून भोकाच्या आतून फिरवला. कडेला बारीकशी खाच राहिली तरी तडा तिथूनच निघतो, म्हणून चारही भोकं उजेडाकडे धरून पाहिली. एकात राहिली होती, परत घासली.

भोकात रबरी बुश, दोन्ही बाजूंना रबरी वॉशर, त्यावर नायलॉनची चकती, मग बोल्ट आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सैल न होणारा नट. मी बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं लॉकचं रसायन बरोबर आणलं होतं. आबांनी बाटली घेऊन बाजूला ठेवली. ते रसायन पॉलिकार्बोनेटवर ओघळलं की काच आतून तडकत जाते. पेट्रोलचंही तसंच, थिनरचंही, आणि घरातल्या आरशाला मारायच्या अमोनियाच्या स्प्रेचंही. नायलॉकची पकड पुरते.

बोल्ट आवळताना मी पान्यावर जोर दिला तर आबांनी हातावर टिचकी मारली. "ताण नको दिऊ. रबर फुगनं का थांब." खरंच, रबराकडे पाहत आवळायचं. चकतीच्या बाहेर रबर जरासं फुगलं की झालं. बोल्ट समोरासमोर, एक वरचा डावा तर पुढचा खालचा उजवा, असे थोडे थोडे. त्यांनी एलन कीचं लांब टोक बोल्टात घालून आखूड टोक बोटांत धरायला लावलं, म्हणजे पाहिजे तरी जास्त जोर देता येत नाही.

हँडलवर क्लॅम्प बसवायच्या आधी व्हर्नियरने माप घेतलं, २२ मिलीमीटर. क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी घातली, नाहीतर हँडलचा रंग जातो आणि क्लॅम्प फिरतो. क्लॅम्प हातानेच आवळून ठेवले आणि हँडल दोन्ही बाजूंना पार शेवटपर्यंत वळवून पाहिलं. हे कोणीही टाळू नये. डावीकडे वळवताना क्लचची केबल सांगाड्याच्या दांडीत अडकत होती, आणि उजवीकडे ब्रेक ऑइलच्या डबीजवळ जेमतेम बोटभर जागा. दांडी थोडी आत घेतली, केबल तिच्या पुढून काढली, परत दोन्ही बाजूंना वळवलं. काच टाकीला लागत नाही, केबल ताणली जात नाही, हेडलाइटच्या उजेडात दांडी येत नाही, इंडिकेटर समोरून पूर्ण दिसतो. चारही गोष्टी पाहून झाल्या तेव्हा क्लॅम्प पक्के केले.

काच बसली, उंचीही पुठ्ठ्यावरच्या रेघेइतकी. पण वारा नेमका कुठे जातो हे डोळ्यांनी पाहायचं होतं. घरात लोकरीचा गुंडा होता, त्यातले बोटभर लांबीचे लाल धागे कापले आणि टेपने चिकटवले: काचेच्या वरच्या कडेला, हेल्मेटच्या हनुवटीवर, कपाळाशी, दोन्ही खांद्यांवर आणि छातीवर. पहाटे साक्री रोडला वर्दळ नसताना निघालो. सहकारी बाजूने दुसऱ्या गाडीवर मागे बसून मोबाइलवर शूटिंग करत होता, गाडी चालवत होता त्याचा भाऊ. रोजच्या वेगाने, ६० ते ८०.

नेरच्या टपरीवर चहा घेत ते शूटिंग पाहिलं. कडेवरचे धागे सरळ मागे, सळीसारखे. कपाळाचा धागाही सरळ. हनुवटीचा मात्र गोल गोल फिरत होता. आणि छातीवरचा धागा चक्क पुढे, काचेकडे ओढला गेला होता. गाडी पुढे पळतेय आणि धागा वाऱ्याच्या उलट दिशेला ताणलेला. काचेमागची पोकळी म्हणजे काय, ते त्या एका धाग्याने दाखवलं. पोकळी छातीवरची हवा पुढे ओढत होती, आणि तीच हवा वर जाऊन हनुवटीशी गिरक्या घेत होती.

ह्यावर उपाय काचेच्या वर नसतो, खाली असतो. काचेची खालची कड हेडलाइटला अगदी टेकवून बसवली होती, कारण दिसायला ते सुंदर दिसतं. ती टपरीवरच, खाचांतून सरकवून, दोन बोटं वर घेतली आणि क्लॅम्प फिरवून काच जरा मागे कलती केली, म्हणजे वरची कड होती त्याच उंचीवर राहिली. खालच्या फटीतून थोडी हवा आत येते, पोकळी भरते, आणि वरून येणाऱ्या हवेला आत वळायचं कारण उरत नाही. परतीच्या शूटिंगमध्ये छातीचा धागा नुसता खाली लोंबत होता. हनुवटीचा हलत होता, पण मागच्या दिशेला. हेल्मेटमध्ये आवाज शिल्लक होता, एकसारखा शूं असा. थरथर गेली. उंच काचा घेऊन वैतागलेल्या सगळ्यांना मी हेच सांगतो: काच फेकून द्यायच्या आधी खाली फट देऊन पाहा.

आडव्या वाऱ्याची परीक्षा छडवेलच्या रस्त्याला झाली. साक्रीहून निजामपूरकडे वळलं की तोंड उत्तरेला होतं आणि पश्चिमेचा वारा डावीकडून येतो. पवनचक्क्यांची पाती गरगर फिरताना दिसली की अंदाज घ्यायचा. काच नव्हती तेव्हा वारा अख्ख्या गाडीला ढकलायचा; आता झोत आला की हँडल आधी हलतं. सुरुवातीला हात ते घट्ट दाबून ठेवायला जातात. तसं करू नये. हात सैल, गुडघे टाकीला लावलेले, आणि वेग दहा-पंधराने कमी. हँडल आपणहून सरळ होतं. परतताना वारा उजवीकडून असतो; तेव्हा समोरून ट्रक आला की तो वारा अडवतो, आणि ट्रक निघून गेला की वारा एकदम परत आदळतो. त्या दोन क्षणांसाठी रस्त्याच्या कडेपासून आत राहायचं. मोठी काच घेतली असती तर ह्या रस्त्यावर मी ती उतरवूनच ठेवली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. काचेचं क्षेत्रफळ वाढलं की समोरच्या वाऱ्यात मिळालेलं सुख आडव्या वाऱ्यात परत द्यावं लागतं.

श्रावणात कानबाईच्या सणाला गावी गेलो, तेव्हा सौ. मागे बसली होती. पाऊस भुरभुरत होता. माझी छाती आणि मांड्या जवळपास कोरड्या राहिल्या, हातमोजे मात्र भिजले, कारण हाताच्या पंजांपर्यंत ही काच पोचत नाही. निम्म्या रस्त्यात ती म्हणाली, "अहो, तुमच्या डोक्यावरचा वारा आता माझ्या डोक्यावर येतोय." बरोबरच होतं. मागची सीट पुढच्यापेक्षा उंच, तिचं डोकं नेमकं त्या झोतात. ती पुढे सरकून बसली की बरं वाटायचं. मागे कायम कोणी बसत असेल तर काच निवडताना त्या माणसालाही बसवून, धागे लावून पाहावं. आमचं मागे बसणं सणावारापुरतं, म्हणून तेवढ्या प्रवासाला मी काच दोन खाचा खाली करतो. थोडा वारा मी खातो, थोडा ती.

उन्हाळ्यात काच असावी की नसावी, ह्यावर लोकांची दोन मतं. मला काच हवीच वाटते. हवा ४४ अंश असते तेव्हा ती अंगाच्या कातडीपेक्षा गरम असते, आणि असा झोत छातीवर घेतला तर अंगातलं पाणी झपाट्याने सुकतं. काचेमागे गळ्यातला ओला रुमाल पहिल्यापेक्षा बराच वेळ ओला राहतो, हे मी रोज पाहतो. पण गावात, भाजी मार्केटच्या गर्दीत, गाडी हळू चालते तेव्हा छातीला अजिबात हवा लागत नाही आणि इंजिनची धग वर येते. तेव्हा जाकिटाची चेन उघडायची आणि लवकर मोकळ्या रस्त्याला लागायचं.

पुसण्याची एक शिस्त लावून घेतली आहे. कोरड्या फडक्याने काच कधीच पुसत नाही. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळूच. एकदा कोरडं फडकं फिरवलं की ओरखड्यांची जाळी पडते आणि मावळतीचं ऊन समोर आलं की सगळी काच पांढरी दिसते. ओलं फडकं काचेवर पसरून दहा मिनिटं ठेवायचं, वाळलेले किडे फुगतात, मग साबणाच्या पाण्याने आणि हाताने हळू. पंपावर पेट्रोल भरताना टाकीवर सांडलं तर काचेवर उडालं नाही ना, हे आधी बघतो. बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासले, दोन सैल झाले होते. आता ऑइल बदलताना तपासतो. विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा बाहेरून बसवलेली वस्तू म्हणून काचेची किंमत पॉलिसीत लिहून घेतली. नोंद नसेल तर नुकसान झाल्यावर ती धरत नाहीत.

नंदुरबारच्या सहकाऱ्याने मग पुठ्ठा आणि लोकर घेऊन स्वतःचं माप काढलं. त्याची काच त्याच्या नाकापेक्षा नऊ सेंटिमीटर उंच निघाली. आधी खालून फट देऊन पाहिली, थरथर कमी झाली, गेली नाही. काच पॉलिकार्बोनेटची होती म्हणून कापता आली. ॲक्रिलिक असतं तर आबांनी हातच लावला नसता. दोन्ही बाजूंना टेप लावून त्यावर कड आखली, कोपरे गोल घेतले, बारीक दातांच्या ब्लेडने हळूहळू कापली, आणि आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने ओली घासत कड इतकी गुळगुळीत केली की बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. घासलेली कड पांढुरकी राहते आणि उन्हात चमकते, म्हणून तिच्यावर काळी रबरी पट्टी चढवली. परवा तो नंदुरबारहून धुळ्याला मीटिंगला आला, तेव्हा हेल्मेट काढून पहिलं म्हणाला, "दादा, छडवेलपासून गाणं गुणगुणत आलो, आणि माझं मलाच ऐकू आलं."